पोरगा मले पाहून आजीच्या मांगं लपते, गुरुजी

पत्र (थोडं छाटून देतो, नाव-गाव काढून टाकलंय):

"गुरुजी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी, वय 31. आठ एकर वावर हाय, पऱ्हाटी, सोयाबीन, मधात तुरीचे तास, अन् विहिरीवर थोडा हरभरा-गहू. मले साडेतीन वर्षाचा पोरगा हाय. सीझनमधी मी सकाळी निंगतो तवा तो झोपून रायते, येतो तवा बी झोपून रायते, अन् विहिरीच्या मोटरची लाईन रात्रीची असली का मंग मी ओलीत कराले वावरातच. आता तो माह्या बाबाले 'बाबा' म्हणते अन् मले 'दादा' म्हणते, माही लहान बहीण म्हणते तसं. उचलाले गेलो का आजीच्या मांगं लपते. मांगच्या हप्त्यात साडेसातशे रुपयाची बॅटरीवाली जेसीबी आणली, त्यानं जेसीबी घेतली अन् आजीकडे पयाला. बायको म्हणते घरात असले तरी तुमी मोबाईलमधीच असता. मले चांगला बाप व्हायचं हाय पण टाइम कुठून आणू? माह्या बाबानं बी आमाले कधी जवळ घेतलं नाई, आमी भेत होतो पण मानत होतो. काय करावं सांगा."

भाऊ, तुमचं पत्र रात्री वाचलं, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं, अन् दोन्ही वेळा त्या जेसीबीजवळच अडकलो. पण पहिले ते 'दादा'चं उरकून टाकू कारण त्यात काही दम नाही. एकत्र घरात लेकरू जे ऐकते तेच म्हणते. माझ्या शाळेत एक पोरगं होतं ते बापाला चक्क भाऊजी म्हणायचं, मामाच्या घरी वाढलं ना, तिथं सगळे भाऊजी भाऊजी करायचे, तेच तोंडात बसलं. आता घोडा झाला तो, अजून भाऊजीच म्हणतो अन् बापलेकाचं मस्त जमते. तर ते सोडून द्या. लपतो ते मात्र सोडू नका.

आता जेसीबी. तुम्हाला वाईट वाटलं असेल की साडेसातशे रुपये गेले अन् पोट्टा ढुंकूनही पाहात नाही. पण त्याच्या बाजूनं पाहा ना जरा, त्याला एवढी भारी वस्तू मिळाली, मंग ती कोणाला तरी दाखवावी लागते ना, अन् दाखवायचं माणूस म्हणजे कोण, तर जिच्या पदराला तो दिवसभर हात पुसतो ती आजी. तुम्ही वस्तू देणारे झाले, दुकानदारासारखे. दुकानदाराला कोणी वस्तू दाखवत नाही. तुम्हाला व्हायचंय ते दाखवायचं माणूस, अन् ते साडेसातशेत होत नाही, अन् खरं सांगू का, त्याला पैसेच लागत नाहीत.

टाइमचं म्हणता ते मला मान्य आहे, मी काही पुण्या-मुंबईचा सल्लागार नाही की सांगीन रोज दोन तास क्वालिटी टाइम द्या. मृग लागला की तुमची झोप जाते, मंग पेरणी, मंग दुबार पेरणीची धाकधूक, डवरणी, निंदण, फवारणी, सोयाबीन सोंगून होत नाही तर कापूस वेचायला मजूर शोधत फिरा, त्यात रानडुक्कर अन् रोही (नीलगाय) आहेच जागलीला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला लेकरू झालं की 15 दिवसांची पितृत्व रजा असते, पगारी. तुमचं लेकरू झालं तेव्हा तुम्ही कुठं होते ते तुम्हीच आठवा. मला अशी माणसं माहीत आहेत जी पोरगं झाल्याचा फोन पंप पाठीवर असताना ऐकून, हो का, बरं झालं म्हणून पुढच्या तासाला लागली. त्यांचा दोष नाही म्हणत मी.

पण भाऊ, एप्रिल-मे मध्ये तुम्ही कुठं असता? 45 डिग्री ऊन, सकाळी 10-11 पासून वावरात कोणी टिकत नाही, पाच वाजेपर्यंत गावातले सगळे बाप्ये निंबाखाली, पारावर, पानठेल्यावर, पत्त्यात. मी पण होतो तिथंच, म्हणून माहीत आहे. म्हणजे टाइम अगदीच नाही असं नाही, तो असतो अन् भलतीकडं सांडतो. अन् टाइम असून काय होते ते माझ्याच घरचं सांगतो, हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. चाळीस-चाळीस पोरांच्या नखांना मळ आहे का ते रोज प्रार्थनेनंतर पाहायचो, कोणाच्या डोक्यात उवा, कोणाचा कान वाहते, सगळं पाठ. माझी मोठी पोरगी तेव्हा चार वर्षांची, फेब्रुवारी महिना होता, बायकोला टायफॉईड झाला अन् तालुक्याला भरती करावं लागलं, माझी माय तिच्याजवळ राहिली, घरी मी अन् पोरगी दोघंच. आंघोळ घालायला बसवलं. मी धाडकन डोक्यावर तांब्या ओतला तर ती अशी किंचाळली की शेजारची वहिनी भिंतीवरून डोकावली. मंग रडत रडत मला सांगते, "पयले पाय. आई पयले पाय धुते, मंग पाठ, मंग कानाले हात लावतो मी, मंग डोक्स." म्हणजे पद्धत होती सगळी, घरात रोज होत होती, दहा फुटांवर मी पेपर वाचत बसायचो अन् मला काही माहीत नाही. बरं, पाय धुतले, पाठ धुवायला घेतली तर पाठीवर चिंचोक्याएवढा भाजल्याचा डाग. मी घाबरलो, म्हटलं हे केव्हा झालं, कोणी केलं? ती एकदम शांतपणे म्हणाली, "बाबा, ते त दिवाईचं हाय. फुलझडीचं."

दिवाळीचं. अन् मी विचारतोय फेब्रुवारीत. मास्तर माणूस, दिवाळीची पूर्ण सुट्टी मी घरीच होतो बरं का. टाइम भरपूर होता माझ्याकडं.

त्या दिवसापासून आंघोळ माझी झाली. ही दवाखान्यातून आली तरी मी सोडली नाही, ती म्हणाली राहू द्या आता मी घालते, म्हटलं नाही, हे आता मायं काम. तर तुम्हाला पण माझं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येते. पोराचं एक रोजचं काम पूर्ण तुमच्याकडं घ्या. मदत म्हणून नाही, पूर्ण. आंघोळ घ्या, नाही तर संध्याकाळचं जेऊ घालणं घ्या, नाही तर झोपवणं घ्या, पण मी म्हणेन आंघोळच घ्या, कारण त्यात लेकरू पूर्ण तुमच्या हातात असते, पळून जाऊ शकत नाही, मोबाईल ओला होतो म्हणून तुम्ही पण पळू शकत नाही, अन् पंधरा मिनिटांत त्याच्या अंगावरची दिवसभराची सगळी बातमी वाचून होते, कुठं डास चावला, कुठं खरचटलं, कोणाशी भांडला, कुठं पडला. "हे काय झालं रे?" एवढं विचारलं की गोष्ट सुरू होते. साडेतीन वर्षांच्या पोराला "आज काय केलं" विचारलं तर तो काहीच सांगणार नाही, पण ढोपराला बोट लावून विचारलं तर कुत्र्यापासून सुरू करून अंगणवाडीतल्या खिचडीपर्यंत नेऊन सोडते.

पूर्ण म्हणजे काय ते नीट समजून घ्या, इथंच आपण बाप्ये घोळ घालतो. पाणी तापवण्यापासून टॉवेल, तेल, चड्डी, पावडर, सगळं तुम्ही काढायचं. "अवं, त्याची चड्डी कुठाय" असा आवाज स्वयंपाकघरात गेला की ते काम परत तिचंच झालं, तुम्ही फक्त पाणी ओतणारा गडी. पहिले चार दिवस तुम्हाला काही सापडणार नाही, पडू द्या अंदाधुंदी. बायकोला मात्र आधी सांगून ठेवा की आठ दिवस तू मधात येऊ नको, मी उलटी चड्डी घातली तरी हसून घे पण दुरुस्त करायला धावू नको. त्यांना हे जड जाते बरं, आईला लेकराचं रडणं ऐकून चुलीजवळ बसून राहणं सोपं नाही. अन् तुमची माय तर नक्की येईल, "आण इकडं, बाप्याच्या जातीले जमते का हे." तिला प्रेमानं बाजूला बसवा. गल्लीतले हसतील, पहिल्यांदा मला पण म्हणाले होते मास्तरीण बाई झाली का म्हणून. आठ दिवसांत त्यांना दुसरा विषय मिळतो, गावात विषयाची कमी नाही.

पोरगा रडेल. पहिल्या दिवशी तर हंबरडा फोडेल, "आजी पायजे." तेव्हा ओढाताण करायची नाही, आजीला तिथंच खाटेवर बसू द्या त्याला दिसेल अशी, हात मात्र तुमचे. दुसऱ्या दिवशी आजी ओसरीत. तिसऱ्या-चवथ्या दिवशी आजी भाजी निवडायला आत. असं हळूहळू. बैलाला बंडीची सवय लावताना तुम्ही पहिल्याच दिवशी दहा क्विंटल कापूस भरता का?

रात्रीच्या लाईनच्या हप्त्यात संध्याकाळी जमणार नाही, तर त्या हप्त्यात सकाळची आंघोळ धरा, ओलीत करून आलात की झोपायच्या आधी, तो अंगणवाडीत जायच्या आधी. झोपेचं पण एकदा गणित पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं की तीन-चार वर्षांच्या लेकराला दिवसारात्री मिळून 10 ते 13 तास झोप लागते. म्हणजे तो जागा असतो उरलेले 11 ते 14 तास, अन् त्यातच कुठंतरी तुम्हाला घुसायचं आहे, तो तुमच्यासाठी रात्री दहापर्यंत जागणार नाही अन् जागवू पण नका. मला पाहिजे तेव्हा त्याला उठवून खेळवतो असं करणारे बाप पाहिलेत मी, मंग लेकरू दुसऱ्या दिवशी दिवसभर किरकिर करते अन् ते निस्तरते कोण, तर आईच.

आता फवारणीचं, हे मन लावून वाचा. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकड्यानं दवाखान्यात भरती झाले, तुम्हाला मी काय सांगावं, तुमच्या आजूबाजूचेच असतील. फवारून आलेला बाप दारात दिसला अन् लेकरू पायाला बिलगायला धावलं की आपण काय करतो? "दूर हो! हात नको लावू!" असं वरडतो. वरडतो ते बरोबरच आहे, कपड्यावर विष असते. पण त्याला विष दिसत नाही, त्याला दिसते बापाचं तोंड. असं जुलै ते सप्टेंबरमध्ये पंचवीस वेळा झालं की कोणतंही लेकरू आजीच्या मागंच लपणार, मला तर वाटते तुमच्या घरी असंच काही झालं असेल, नसेल तर चांगलंच. उपाय सोपा आहे. फवारणीचे कपडे वेगळे, ते घरात आणायचेच नाही, वावरातल्या कोठ्यात नाही तर मागच्या आंगणात टांगायचे, वेगळे धुवायचे. हातपाय तोंड साबणानं, जमलं तर मागच्या दारी पूर्ण आंघोळ, मंगच घरात. अन् त्याला सांगून ठेवायचं, रोज तेच शब्द, "दादाच्या अंगाले औषध हाय, आंघोय करून येतो अन् मंग तुले उचलतो." अन् मंग खरंच उचलायचं, चहाच्या आधी. चार दिवसांत तोच सगळ्यांना सांगत फिरेल दादाले औषध हाय म्हणून. औषधाच्या रिकाम्या डब्या-बाटल्या घरात पाणी भरायला वापरत असाल तर तुम्ही शहाणे आहात, मी जास्त बोलत नाही.

दुसरं एक कारण घरातच असते अन् ते शोधून काढा. "थांब, येऊ दे तुह्या बापाले." जेवत नाही, येऊ दे बापाले. अंगणवाडीत जात नाही, सांगतो बापाले. घरातल्या बायांनी दिवसभर तुमच्या नावाचा बागुलबुवा केला असेल तर संध्याकाळी त्या बागुलबुवाच्या गळ्यात पडायला कोण येईल? त्यांचा पण इलाज नसतो, दिवसभर एकट्यानं लेकरू सांभाळायचं म्हणजे काय ते करून पाहा एकदा, पण हे बंद करायला सांगा. सांगताना घरादारासमोर वरडून नाही, रात्री बाजूला बसून. अन् तुमचा हात उठत असेल तर तो आधी थांबवा. या वयात पोराला राग येतो पण रागाचे शब्द नसतात, म्हणून तो लोळण घेते, ताट फेकते, त्यात तुम्ही कानाखाली दिली की त्याच्याकडं दोन गोष्टी झाल्या ज्याचे शब्द नाहीत.

मोबाईलवर बायको बोलली ते खरं आहे असं धरूनच चालतो, बायका या बाबतीत सहसा चुकत नाहीत. पोराला मोबाईल किती द्यायचा ते सगळे विचारतात, जागतिक आरोग्य संघटनेचाच आकडा आहे, या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास अन् कमी तेवढं बरं. पण बापाला किती द्यायचा ते कोणी विचारत नाही. घरी आल्यावर मोबाईल कोनाड्यात ठेवा, त्याची आंघोळ अन् जेवण होईपर्यंत. कापसाचा भाव वीस मिनिटांत कुठं पळून जात नाही, अन् गेला तरी तुम्ही हातात मोबाईल धरून थोडाच थांबवणार आहात. पोरगं काहीतरी सांगत असताना हो-हो म्हणत बोट फिरवत राहणं, ते त्याला समजते. पोट्टे लय हुशार, ते गालाला हात लावून तोंड आपल्याकडं फिरवून घेतात, तुमच्या पोरानं कधी केलंय का असं? केलं असेल तर बरं. करणं सोडून दिलं असेल तर घाई करा.

पत्रात नाही पण विचारतो, खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, आहे का? राग येऊ देऊ नका. आमच्या गल्लीत एक चार वर्षांचं पोरगं पन्नीत माती घेऊन तळहातावर घोटत बसलं होतं, अगदी तसंच, अंगठ्यानं, मधात झटकून. म्हटलं काय करून रायला बे? म्हणे "बाबा बाबा खेयतो." बाप तिथंच उभा होता, हसला, मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत माझं हसू राहिलं नाही.

तुमच्या बाबांबद्दल जे लिहिलं त्याच्यावर थोडं बोलतो. "भेत होतो पण मानत होतो." मला हे चांगलं समजते, माझा बाप पण तसाच. त्या काळात आपल्या बापासमोर, मोठ्या भावासमोर स्वतःचं लेकरू उचलायची लाज वाटायची, रीतच नव्हती. माझा बाप मला उचलायचा तो फक्त वावरात, धुऱ्यावर, जिथं आजोबा पाहात नव्हते, हे मायनं सांगितलं मला, मला तर आठवत पण नाही. तुमच्या बाबांना एकदा विचारून पाहा, की तुमी मले उचलत होते का. काय सांगतात ते ऐका. आता तेच बाबा नातवाला खांद्यावर घेऊन पारापर्यंत जातात, अन् नातू त्यांनाच बाबा म्हणतो. त्यांना तो हक्क तरणे असताना मिळाला नाही, आता मिळतोय, तर घेऊ द्या. त्यांच्याशी चढाओढ लावू नका. उलट त्यांना म्हणा तुम्ही त्याला घेऊन वावरात या दुपारी, भाकर घेऊन.

अन् वावरात न्याच हो त्याला. घरी बसून पोराशी काय बोलावं ते बाप्यांना सुचत नाही, मला पण सुचायचं नाही, पण वावरात तुम्ही राजे आहात. तिथं तुम्हाला सगळ्याचं नाव माहीत आहे. हे तुरीचं, हे पऱ्हाटीचं पान, हा टिटवीचा आवाज, ही गांडूळ, याला हात लाव, हे चावत नाही. गाळात पाय घाला दोघांनी. शिकवू नका फक्त. एबीसीडी म्हणून दाखव, पाहुण्याला गाणं म्हणून दाखव, हे काही बोलणं नाही, ही इन्स्पेक्शन झाली, अन् मला आयुष्यभर इन्स्पेक्शनची भीती वाटली, मास्तर असून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांच्या वर वाढ सहा वर्षांच्या आत होते, अन् ते वाचून लोक कॉन्व्हेंटच्या नर्सरीची फी भरायला पळतात. अहो ती वाढ अशीच होते, त्यानं विचारलं "हे काय" अन् तुम्ही थांबून सांगितलं, मंग त्यानं विचारलं "काहून", मंग तुम्ही पुन्हा सांगितलं, काहून-काहूननं डोकं उठलं तरी सांगितलं. आपल्या वऱ्हाडीतच सांगा, टीव्हीची हिंदी नको.

सांभाळायचं एवढंच, विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला त्याला न्यायचंच नाही, हात धरून पण नाही, स्टार्टरच्या पेटीला कडी घाला, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवायचं नाही कितीही रडला तरी, अन् फवारणी चालू असेल त्या दिवशी वावर बंद.

पोळा येतोच आहे. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकून तुम्ही त्याला आवतण देता ना, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. यंदा ते पोराकडून म्हणवा. त्याला कडेवर घ्या, बैलाच्या कानापर्यंत उंच करा, हळू आवाजात त्याला म्हणू द्या. बैल कान हलवेल, तो घाबरून तुमच्या मानेला मिठी मारेल. अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आपल्या विदर्भातल्या लेकरांची तर ती खरी दिवाळी, त्याचा लाकडी नंदी बाजारातून आणायचा की घरी करायचा ते तुम्ही ठरवा, पण मी म्हणेन मातीचा करा दोघांनी मिळून, शिंगं वाकडी झाली तर होऊ द्या, एक पाय तुटला तर तुराटीचा लावा. बोजारा, म्हणजे नंदी दाखवून मिळणारा खाऊ-पैसा, मागायला दारोदार जाताना तुम्ही सोबत जा, मोबाईलमध्ये फोटो काढणारे म्हणून नाही, नंदीची दोरी गुंतली तर सोडवणारे म्हणून. तिथं मला वाटते जेसीबीचा हिशोब चुकता होईल, पण तेव्हा तुम्ही जेसीबी विसरलेले असाल.

अंगणवाडीत पण एकदा जाऊन या. देशात अंगणवाड्या 1975 पासून आहेत, माझ्या शाळेला लागूनच एक होती, अन् इतक्या वर्षांत तिच्या दारात लेकरू सोडायला आलेले बाप मी बोटावर मोजले. ताईला विचारा तो तिथं कोणाजवळ बसतो, काय खातो, काय नाही खात. त्या मित्राचं नाव तुम्हाला माहीत झालं अन् तुम्ही संध्याकाळी डोक्यावर पाणी ओतता ओतता त्याचं नाव घेतलं ना, पाहा त्याचं तोंड कसं होते ते.

किती दिवस लागतील म्हणाल तर मला सांगता येत नाही. माझ्या पोरीला पंधरा दिवस लागले होते कानावरचा हात काढायला. मंग एक दिवस ती स्वतःच टॉवेल घेऊन मोरीत जाऊन बसली अन् वरडली, "बाबा, पानी झालं का?" ती आता सासरी आहे, तिला दोन लेकरं आहेत, जावई आंघोळ घालतात की नाही ते मी विचारत नाही, पण एकदा गेलो होतो तर मोरीतून आवाज येत होता, पयले पाय, पयले पाय.

अन् हो, एक राहिलं. पाणी किती गरम आहे ते हात घालून पाहू नका. तुमच्या हाताला वखर-डवऱ्याचे घट्टे पडलेत, त्याला कढत पण कोमटच लागते. कोपर बुडवून पाहा.